दुपारची बॅच, तीन किलोचे डंबेल आणि कुशीला लावलेलं कोपर

सुरुवातीलाच सांगून टाकते. या जिमला एसी नाही. ट्रेडमिल दोन, त्यातली एक पावसाळ्यापासून प्लास्टिकने झाकलेली. आरशाला कडेकडेने काळे डाग. जिना अरुंद, आणि खाली हार्डवेअरचं दुकान असल्यामुळे वर चढताना कधी पायरीवर पीव्हीसी पाइपची बंडलं आडवी येतात. एवढं असूनही देवगड-जामसंड्याच्या आसपासच्या कुणी चाळिशी-पन्नाशीच्या बाईने मला विचारलं, की दंडात ताकद यायला काय करू, तर मी तिला इथल्या दुपारच्या बॅचलाच पाठवते. नाव मात्र लिहीत नाही. बॅचमध्ये जेमतेम आठ-दहा जणी मावतात आणि मला माझी खिडकीजवळची जागा सोडायची नाही. ज्यांना यायचंय त्या विचारत विचारत येतीलच, गाव केवढं ते!

मी आंबेवाल्यांच्या घरातली. घरची कलमं आहेत, हंगामात पडवीत आंबा उतरतो, निवडला जातो, पेट्या भरल्या जातात. बाहेरच्यांना वाटतं बागेतलं कष्टाचं काम म्हणजे झाडावर चढणं. ते गडी करतात. आमच्या वाट्याला येतात क्रेट. भरलेला क्रेट वीस किलोच्या घरात जातो. जमिनीवरून कमरेपर्यंत तो पायांच्या जोरावर येतो, पण कमरेपासून वरच्या थरावर चढवायचा तर दंडच लागतो. शिवाय झेला, म्हणजे आंबा उतरवायची जाळी लावलेली लांब काठी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला आल्यापासून आंबा देठासकट निघतो, चीक फळावर ओघळत नाही, डाग पडत नाही, सगळं कबूल. पण लांब काठीच्या टोकाला दोन-तीन फळं पडली की ती काठी तोलून धरताना खांद्यापासून कोपरापर्यंतचा हात थरथरायला लागतो. गेल्या हंगामानंतर माझा उजवा खांदा धरला. फिजिओथेरपिस्टने तपासून सांगितलं, दुखणं मोठं नाही, पण खांद्याभोवतीचे आणि दंडाचे स्नायू कमजोर आहेत. नुसतं शेकून भागणार नाही, ताकदीचा व्यायाम हवा, आणि तो कुणीतरी बघत असताना शिका.

त्यातलं "कुणीतरी बघत असताना" हेच महत्त्वाचं आहे आणि बहुतेक ठिकाणी नेमकं तेच मिळत नाही.

इथे येण्याआधी मी तालुक्याबाहेरच्या एका मोठ्या जिममध्ये पैसे भरले होते. काचेची दारं, गाणी, रांगेने यंत्रं, भिंतीवर मोठ्या अक्षरात "एका महिन्यात दंड बारीक". तिथल्या मुलाने पाच पाच किलोचे डंबेल हातात दिले, "आंटी, पंधरा" म्हणाला आणि मोबाइल घेऊन खुर्चीत बसला. पंधरा झाले. कसे झाले हे त्याने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. माझ्या शेजारची एक बाई कमरेतून मागे झोका घेऊन डंबेल वर फेकत होती, तिलाही "व्हेरी गुड" मिळालं. उरलेल्या पैशांवर पाणी सोडून मी बाहेर पडले.

इथली ट्रेनर पंचविशी-तिशीतली मुलगी आहे, बंदरावरच्या घरातली, पूर्वी कबड्डी खेळायची. सगळ्या तिला मॅडम म्हणतात, ती सगळ्यांना काकी, वैनी, मावशी. शिकवणं मालवणीत, त्यामुळे न समजायला जागाच उरत नाही. तिचं एक वाक्य बॅचभर ऐकू येत असतं: "वजन नको बघू, कोपर बघ."

आधी ती एक फॉर्म भरून घेते. बीपी, साखर, जुनं ऑपरेशन, कुठल्या गोळ्या. मला बीपीची गोळी आहे म्हटल्यावर तिने फॉर्मवर लाल खूण केली आणि तेव्हाच सांगितलं, की वजन उचलताना श्वास कोंडायचा नाही. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. उचलताना तोंडाने सोडायचा, खाली आणताना नाकाने घ्यायचा. ज्यांना जमत नाही त्यांना ती मोठ्याने आकडे म्हणायला लावते. बोलताना श्वास कोंडता येत नाही, म्हणून. दुपारी साडेतीनला खालून जाणाऱ्याला वर पाढ्यांचा वर्ग भरलाय असं वाटत असेल.

पहिल्या दिवशी डंबेल मिळतच नाही. पंचा मिळतो.

हे नीट सांगते, कारण सगळी फी मला यातच वसूल झाल्यासारखी वाटते. व्यायाम साधाच, बायसेप कर्ल, म्हणजे दंडाच्या पुढच्या स्नायूचा, बायसेप्सचा. हात सरळ खाली, तळहात पुढे, कोपरातून वाकवून मूठ खांद्याकडे न्यायची आणि परत खाली आणायची. शाळेतलं पोरही करील. तर ती काय करते, पंच्याची घट्ट गुंडाळी करते आणि कोपर नि बरगड्यांच्या मध्ये ठेवते, दोन्ही बाजूंना एकेक. "काकी, कोपर कुशीक लाव." आता हात वाकवायचा. पंचा पडला तर तो मोजायचा नाही. रिकाम्या हाताने पहिले तीन-चार सुरळीत होतात. त्यापुढे मूठ वर जाता जाता कोपर आपोआप पुढे सरकतं आणि पंचा जमिनीवर. कोपर पुढे सरकलं की काम दंडावरून उतरून खांद्याच्या पुढच्या भागावर जातं. म्हणजे ज्याला मजबूत करायचं तो आराम करतो आणि ज्याला जपायचं तो राबतो. माझ्यासारखी खांदा धरलेली बाई असेल तर हे नेमकं उलटं काम.

पंचा टिकायला लागला की भिंत. टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, गुडघे किंचित सैल, पाठ आणि कोपरांची मागची बाजू भिंतीला टेकलेली. यात कंबर झोकता येत नाही. आपण किती झोका घेत होतो हे भिंतीला टेकल्याशिवाय कुणालाच पटत नाही. जे वजन मोकळं उभं राहून बारा वेळा सहज उचलायची, तेच भिंतीशी आठव्याला जड होतं. आमच्या जाऊबाई तर डंबेलच बदलला असं म्हणून आकडा वाचायला खिडकीपाशी गेल्या होत्या.

मनगट हा तिसरा मुद्दा. वजन वर जाताना मूठ आपल्याकडे दुमडते किंवा मागे लवते. दोन्ही चूक. मनगट हाताच्या रेषेत सरळ. आणि इथे आमच्या बायकांची खरी अडचण, बांगड्या. चुडा सारखा खाली सरकतो, काच डंबेलवर आपटते, फुटली तर लागते आणि वर घरी अपशकुनाची बोलणी. ती कुणालाही बांगड्या काढ म्हणत नाही. तिच्याकडे जुन्या मोज्यांचे कापलेले पट्टे आहेत धुऊन ठेवलेले. बांगड्या वर सरकवायच्या आणि त्यावर पट्टा चढवायचा. मोठ्या जिममध्ये माझ्या हिरव्या बांगड्यांकडे नुसतं बघून मुलगा म्हणाला होता, "काढून या." या एका पट्ट्यासाठी मी इथे दोन तारे जास्त देईन.

वर नेण्यापेक्षा ती खाली आणण्याला जास्त जपते. वर नेताना एक आकडा, खाली येताना तीन. विहिरीत कळशी सोडताना आपण दोर हातातून सुटू देत नाही, सरकवत सरकवत सोडतो, तसं. लांब होत जाणारा स्नायू वजन पेलून धरतो तेव्हा त्याला भरपूर काम पडतं, आणि आपण नेमकं तिथेच वजन सोडून देऊन अर्धा व्यायाम फुकट घालवतो. कुणी भराभर उरकायला लागली की ती कमरेवर हात ठेवून समोर उभी राहते: "एस्टी चुकतली काय तुझी?" खाली आल्यावर हात जवळजवळ पूर्ण सरळ झाला पाहिजे, पण झटका देऊन कोपर कुलूपबंद करायचं नाही. अर्ध्यातूनच परत वर नेणाऱ्यांचाही आकडा ती मोजत नाही.

आकडा दहा-बाराचा असतो, आधी दोन फेऱ्या, मग तीन, मध्ये मिनिट-दीड मिनिट विश्रांती. पण बारा म्हणजे बाराच असं नाही. नवव्याला खांदे कानाकडे चढायला लागले तर ती तिथेच डंबेल काढून घेते. उरलेले तीन वाकडेतिकडे करून काही मिळत नाही, असं तिचं म्हणणं. सुरुवातीला अपमान वाटतो. नंतर आपणच आठव्या-नवव्याला आरशात खांद्यांकडे बघायला लागतो. डागाळलेल्या आरशातही तेवढं दिसतं.

मला सगळ्यात उपयोगी पडला तो कर्लचाच दुसरा प्रकार, हॅमर कर्ल. तळहात एकमेकांकडे, अंगठा वर. बायसेप्सचं काम नुसतं कोपर वाकवणं नाही, तळहात वर फिरवणं हेही त्याचंच. उजव्या हाताने स्क्रू आवळताना तोच लागतो. त्याच्या खाली ब्रेकियालिस नावाचा दडलेला स्नायू असतो, कोपर वाकवण्याचा मोठा भार त्याच्यावर. अंगठा वर ठेवून उचललं की बायसेप्सचा थोडा वाटा कमी होऊन हा आणि कोपराखालचा जाड स्नायू जास्त कामाला लागतात. आणि क्रेटच्या दोन बाजूंच्या खाचांत हात घालून आपण तो धरतो तेव्हा तळहात एकमेकांकडेच असतात! म्हणजे आंबेवालीने दुसरं काही नाही तरी हे करावंच. हे मी मॅडमला सांगितलं तेव्हा तिने दुसऱ्या दिवसापासून रिकामा क्रेटच आणून ठेवला, आत वाळूच्या पिशव्या. जमिनीवरून उचलायचा तो कमरेतून नाही, गुडघ्यांतून, छातीशी धरायचा, आणि वरच्या पायरीवर ठेवताना कोपरं अंगाजवळच. जिममध्ये असं काही करायला मिळेल ही माझी अपेक्षा नव्हती.

आता मागची बाजू. बायका दंड म्हणून दाखवतात ती खाली लोंबणारी जागा, म्हणजे ट्रायसेप्स. दंडाचा मोठा वाटा याचाच, पुढच्या बायसेप्सचा नव्हे. हात सरळ करणं, काहीही ढकलणं, खाटेवरून हाताच्या आधाराने उठणं, हे सगळं त्याचं. त्यासाठी इथे मुख्यतः किकबॅक शिकवतात. एक हात आणि त्याच बाजूचा गुडघा बाकड्यावर, पाठ सपाट, दुसऱ्या हाताचा दंड अंगाला समांतर आणि तिथेच खिळलेला. हलायचं फक्त कोपराखाली. मागे नेऊन हात सरळ, क्षणभर थांबायचं, हळू परत. दिसायला सोपं, करायला सगळ्यात फसवं. थकवा आला की दंड खाली पडतो आणि हात घड्याळाच्या लंबकाप्रमाणे हलायला लागतो. मग ट्रायसेप्सला काहीच लागत नाही. ती दंडाखाली आपलं बोट धरून उभी राहते. बोटाला दंड टेकला की आकडा बाद. यासाठी वजन कर्लपेक्षा कमीच लागतं. तीन किलोने कर्ल करणारीने एक-दोन किलोपासून सुरू करावं.

डोक्यावर डंबेल धरून मागे सोडायचा प्रकारही आहे. ट्रायसेप्सच्या तीन भागांपैकी लांब भाग खांद्याच्या पात्यापासून निघतो, त्यामुळे हात वर गेला की तो चांगला ताणला जातो, म्हणून हा प्रकार चांगला. पण मला तो सुरुवातीला दिलाच नाही. खांदा धरलेल्या माणसाने हात डोक्यावर नेऊन वजन तोलायचं नाही, आधी फिजिओला विचारून ये म्हणाली. तोवर खिडकीच्या वरच्या गजाला रबरी बँड बांधून दिला, दोन्ही टोकं धरून कोपरं कुशीला ठेवून खाली दाबायची. काम ट्रायसेप्सचंच, खांद्याला त्रास नाही. नंतर फिजिओने हो म्हटल्यावर बाकड्यावर बसून, पाठीला टेका देऊन, एकच डंबेल दोन्ही हातांत धरून डोक्यावरचं सुरू झालं. त्यात कोपरं कानांजवळ ठेवणं आणि कंबर पुढे न काढणं, या दोन गोष्टी पाळल्या तर बाकी जमतं.

चरबीबद्दल ती खरं बोलते, याचे वेगळे गुण. नव्या आलेल्या एकीने विचारलं, दंड किती दिवसांत बारीक होतील? मॅडम म्हणाली, दंडाचा व्यायाम केला म्हणून दंडाचीच चरबी जात नाही. चरबी अंगभर मिळून कमी होते, जेवणाने आणि एकूण हालचालीने. व्यायामाने आत स्नायू भरेल, हात घट्ट लागेल, ताकद येईल. ती बाई जरा हिरमुसली, पण आली दुसऱ्या दिवशी. उलट टोकाची भीती असते ती हात पुरुषांसारखे होतील ही. तीन किलोने तसं होत असतं तर आंबा उतरवणाऱ्या आमच्या घरांतल्या सगळ्या सासवा पहिलवान झाल्या असत्या.

याच संदर्भात एक गंमत. जिमच्या मालकांनी भिंतीवर मारुतीच्या तसबिरीशेजारी एका मिशीवाल्या गोऱ्या पहिलवानाचं जुनं चित्र लावलंय. हा युजीन सँडो. आपल्याकडचे पुरुष घालतात त्या सँडो बनियनला त्याचंच नाव. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानात खेळ करून गेला. रंगमंचावर भलंमोठं वजन उचलायचा, पण लोकांना विकायचा ते हलके डंबेल, मुठीत दाबायला स्प्रिंग बसवलेले, आणि सांगायचा ते मन लावून, स्नायूकडे लक्ष देऊन करायला. मालक संध्याकाळच्या बॅचच्या पोरांना हे ऐकवतात. पोरं ऐकून दहा किलोच्या दोन थाळ्या आणखी चढवतात.

संध्याकाळच्या बॅचबद्दल एवढंच, की तिकडे बायकांनी जाऊ नये असं नाही, पण गर्दी असते, मॅडम नसते, आणि डंबेल जागेवर ठेवण्याची कुणाला सवय नाही.

आता सामान. इथे समुद्र जवळ, खारी हवा, त्यात पावसाळा. लोखंडाचं काय होतं ते सांगायला नको. आमच्या फाटकाच्या बिजागऱ्या दर दोन-तीन वर्षांनी बदलाव्या लागतात. हलके डंबेल, एक ते तीन किलो, प्लास्टिकचं रंगीत वेष्टण असलेले आहेत. एका-दोघांचं वेष्टण टोकाला सोललंय आणि तिथून गंज डोकावतो. पाच किलोपासून वरचे रबरी डोक्याचे, षटकोनी. ते चांगले. खाली ठेवले तर गडगडत नाहीत आणि रबराखाली लोखंड सुरक्षित राहतं. पण त्यांच्या क्रोमच्या दांड्यांवर ठिपके आलेत. मालक मशीनचं तेल फडक्याने पुसतात, ते गंजाला चांगलं, हाताला वाईट. घामेजलेल्या हातात तेलकट दांडी सरकते. उचलायच्या आधी कोरड्या कापडाने पुसून घ्या. कापड आपलं आपण न्या, तिथलं नको. घरासाठी घ्यायचे असतील तर माझं मत: कोकणात साधे रंग दिलेले लोखंडी घेऊ नका, रबरी घ्या, दांडी फार जाड नको, नाहीतर बायकांच्या लहान मुठीत बसत नाही आणि दंड थकायच्या आधी मूठच थकते. सिमेंट भरलेले प्लास्टिकचे स्वस्त मिळतात, ते तेवढ्याच वजनाला आकाराने मोठे असतात आणि कर्ल करताना मांडीला घासतात. रबरी बँड चालतात, पण उन्हात खिडकीवर टांगून ठेवले तर चिरा पडतात. मॅडम दर वेळी ताणून बघते मगच देते.

माझी खरी तक्रार चार किलोची. एक, दोन, तीन, आणि एकदम पाच. मधे काही नाही! कागदावर दोन किलोचा फरक, पण हाताला तो जवळजवळ पावणेदोन पट. तीनने बारा स्वच्छ होतात, पाचने चौथ्यालाच कंबर मदतीला धावते. मॅडमने यातून वाट काढली ती अशी: पाचचा डंबेल दोन्ही हातांनी वर न्यायचा आणि एकाच हाताने हळूहळू खाली आणायचा. उतरवण्याची ताकद उचलण्याच्या ताकदीपेक्षा जास्त असते, म्हणून ते जमतं आणि काही आठवड्यांत वर नेणंही जमायला लागतं. मला जमलं. पण वाट काढावी लागते ती काढावी लागते. चारच्या एका जोडीला असा काय खर्च येणार? मालकांना सांगून झालं, त्यांनी "बघूया" म्हटलं, आणि देवगडात "बघूया"चा अर्थ सगळ्यांना माहीत आहे.

दुसरी तक्रार विजेची. लाईट गेली की पंखे बंद, आणि एप्रिलच्या दुपारी त्या पत्र्याच्या छपराखाली उभं राहवत नाही. इन्व्हर्टर आहे तो दिव्यांपुरता. त्या महिन्यांत मी तशीही हंगामात अडकलेली असते, पण ज्या नसतात त्यांनी पाण्याची मोठी बाटली आणि एक सुती टॉवेल न्यावा. तिसरी, बाथरूम एकच आहे आणि तिथे कडी नीट लागत नाही. बायकांची बॅच चालवताय तर एवढं करायला हवं.

आठवड्यातून सोमवार-गुरुवार दंड आणि खांदे, मंगळवार-शुक्रवार पाय आणि पोट, बुधवारी ताणण्याचे व्यायाम. एकाच भागाला रोज लावत नाहीत, कारण स्नायू भरतो तो विश्रांतीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीतही प्रौढांनी आठवड्यातून निदान दोन दिवस ताकदीचे व्यायाम करावेत असं आहे, म्हणजे सोमवार-गुरुवार हे काही कमी नाही. सुरुवातीला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दंड ठणकतात, वेणी घालायला हात मागे जात नाही. हे होतं आणि जातं. मॅडम आल्या आल्या विचारते, "खंय दुखता? सांध्यात काय मासात?" मांसात दुखत असेल तर हलकं करून घेते. सांध्यात, किंवा टोचल्यासारखं दुखत असेल तर त्या दिवशी हाताचं काहीच नाही, आणि थांबलं नाही तर डॉक्टरकडे. मला हे आवडतं, कारण "दुखलं म्हणजे लागू पडलं" असं म्हणणारे ट्रेनरही मी पाहिलेत.

फायदा झाला का, हे सगळे विचारतात. माझ्यापुरतं सांगते. भरलेला क्रेट तिसऱ्या थरावर चढवताना आता कुणाला हाक मारावी लागत नाही, आणि मारली तरी लाजेची नाही, शहाणपणाची. झेला धरून ठेवता येतो. खांदा पावसाळी हवेत अजून कुरकुरतो, तो काही व्यायामाने नवा होणार नाही. यांनी माझं बघून घरी डंबेल मागवले, दहा किलोचे, आणि सध्या त्यांनी पडवीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून अडवलंय.

कुणी जाऊ नये? ज्यांना महिन्याभरात फोटो काढायचेत त्यांनी जाऊ नये. ज्यांना भराभर घाम काढून मोकळं व्हायचंय त्यांनाही इथे कंटाळा येईल, कारण पहिले काही दिवस पंच्यावरच जातात. ज्यांना खांद्याचं, मानेचं जुनं दुखणं आहे त्यांनी आधी डॉक्टरला किंवा फिजिओला दाखवून त्यांची चिठ्ठी न्यावी, मॅडम तशीही मागतेच.

फी महिन्याला सातशे, तीन महिन्यांचे एकदम भरले तर अठराशे. प्रवेश फी वेगळी नाही. हंगामात पंधरा दिवस आलं नाही तर तेवढे दिवस पुढे धरून देतात, मात्र आधी सांगून जावं लागतं. बायकांची बॅच दुपारी साडेतीन ते पाच, रविवारी बंद. बूट वेगळे न्या, बाहेरचे घालून वर येऊ देत नाहीत. स्कूटर हार्डवेअरवाल्याच्या दारात लावू नका, माल उतरवायचा टेम्पो चारच्या सुमाराला येतो आणि तो माणूस खालून हॉर्न वाजवत राहतो. पलीकडे फणसाखाली जागा आहे, तिथे लावा. फक्त मे महिन्यात नको.